पाट्यांच्या मागच्या सस्पेन्शनमधील ट्रॅक्शन बार आणि शॉक अ‍ॅब्झॉर्बर : रोजच्या रस्त्यासाठी जुळवणी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

येथील उत्तरे मागच्या चाकांना जोर देणाऱ्या, मागे अखंड अ‍ॅक्सल आणि दोन्ही बाजूंना पाटे (कमानदार पोलादी पट्ट्यांच्या लीफ स्प्रिंग) असणाऱ्या गाड्यांसाठी आहेत. शर्यतीच्या सरळ पट्ट्यावर उत्तम ठरणारी जुळवणी रोजच्या रस्त्यावर बहुधा वाईट, आणि काही वेळा धोकादायक ठरते. म्हणून खालील प्रत्येक आकडा आणि प्रत्येक सल्ला वळणे, खड्डे, पाऊस आणि अचानक ब्रेक लावण्याचे प्रसंग गृहीत धरून दिला आहे.

ट्रॅक्शन बार नेमके कोणते काम करतो?

इंजिनाचा जोर प्रोपेलर शाफ्टमधून (गिअरबॉक्सपासून मागे जाणाऱ्या फिरत्या दांड्यातून) पिनियनवर, म्हणजे मागच्या चाकांकडे जोर वळवणाऱ्या डिफरन्शिअलच्या लहान दातेरी चाकावर, येतो आणि चाके पुढे फिरू लागतात, तेव्हा त्याची प्रतिक्रिया म्हणून अ‍ॅक्सलचे संपूर्ण हाउसिंग (बाहेरचे कवच) उलट दिशेने फिरू पाहते. पिनियनचे नाक वर उचलले जाते. कॉइल स्प्रिंगच्या गाड्यांत हे फिरणे रोखण्यासाठी वेगळे दांडे असतात; पाट्यांच्या गाडीत मात्र वजन पेलणे, अ‍ॅक्सल जागेवर धरणे आणि हे फिरणे अडवणे, ही तिन्ही कामे एकट्या पाट्यालाच करावी लागतात. जोर पाट्याच्या सहनशक्तीपलीकडे गेला की पाटा इंग्रजी एस अक्षरासारखा पिळतो. ट्रॅक्शन बार हा पीळ अडवतो. तो गाडीची ताकद वाढवत नाही आणि टायरची मूळ पकडही वाढवत नाही. टायरमध्ये जी पकड आहे ती सलगपणे वापरता यावी, एवढीच त्याची भूमिका आहे.

हा भार किती मोठा असतो, हे साध्या गणिताने समजते. इंजिनाचा टॉर्क ४०० न्यूटन-मीटर, पहिल्या गिअरचे गुणोत्तर ३ आणि डिफरन्शिअलचे गुणोत्तर ३.५ असेल, तर घर्षणातील तूट सोडून अ‍ॅक्सलवर ४,२०० न्यूटन-मीटर इतका पीळ येतो. अ‍ॅक्सलच्या मध्यापासून बारच्या पुढच्या टोकापर्यंत ६० सेंटिमीटर अंतर धरले आणि सगळा भार बारांवरच आला असे मानले, तर पुढच्या टोकांशी एकूण ७,००० न्यूटन, म्हणजे प्रत्येक बाजूला सुमारे ३५० किलो वजनाइतका दाब येतो. बार पातळ पत्र्याचा नसावा आणि त्याचे यू-बोल्ट (पाटा आणि अ‍ॅक्सल एकत्र आवळणारे यू आकाराचे बोल्ट) जुने नसावेत असा आग्रह का धरला जातो, ते या आकड्यावरून लक्षात येईल.

जोरात निघताना मागून धडधड येते. चाक उड्या मारते आहे की दुसरेच काही बिघडले आहे, हे कसे ओळखावे?

पाटा पिळतो तेव्हा त्यात ऊर्जा साठते. टायरची पकड सुटली की पाटा एकदम उलगडतो, टायर पुन्हा रस्ता पकडतो, पाटा पुन्हा पिळतो, आणि हे चक्र एका सेकंदात अनेक वेळा घडते. निघताना, विशेषतः पकड अर्धवट असलेल्या रस्त्यावर, मागच्या बाजूने जलद आणि जड ठोके बसतात आणि अ‍ॅक्सिलरेटरचे पेडल सोडताच ते थांबतात, हे त्याचे लक्षण आहे. या उलट, एकदाच ‘टक्’ असा आवाज येत असेल तर प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस (शाफ्टला कोनात फिरू देणारा सांधा), सैल यू-बोल्ट किंवा झिजलेले बुश (सांध्यातील रबरी अस्तर) यांचा संशय आधी घ्यावा. ठरावीक वेगाला येणारी थरथर बहुधा शाफ्टच्या तोलाशी किंवा पिनियनच्या कोनाशी संबंधित असते. तिच्यावर बार हा उपाय नाही.

ठोके सुरू झाल्यावर पेडल दाबून ठेवू नये. प्रत्येक उडीनंतर टायर रस्ता पकडतो तेव्हा क्रॉस, अ‍ॅक्सलचे शाफ्ट आणि डिफरन्शिअलचे दाते यांना जो हिसका बसतो, तो सलग जोरापेक्षा कितीतरी घातक असतो.

बार विकत घेण्याआधी काय तपासावे?

या प्रश्नाचे उत्तर बहुतेकांना नकोसे वाटते, कारण त्यात नवा भाग बसवण्याचा आनंद नाही. तरीही चाक उडण्याच्या कितीतरी तक्रारी येथेच मिटतात.

प्रथम पाटे पाहावेत. मुख्य पाटा बसून सपाट झाला असेल, एखादा पाटा तडकला असेल किंवा पाट्यांना एकत्र धरणाऱ्या पट्ट्या उघडल्या असतील, तर पाट्यांचा गठ्ठा एकसंध काम करत नाही आणि पीळ वाढतो. अ‍ॅक्सलच्या पुढच्या भागातील पट्ट्या घट्ट असाव्यात आणि मागच्या भागातील पाट्यांना मोकळीक असावी, कारण पीळ प्रामुख्याने पुढच्या अर्ध्या भागात येतो आणि रस्त्याचे धक्के शोषण्यासाठी मागचा भाग मोकळा हवा असतो. क्रायस्लरच्या १९६० च्या दशकातील गाड्यांत अ‍ॅक्सल पाट्याच्या मध्यापेक्षा पुढे ठेवलेला असे. त्यामुळे पुढचा आखूड भाग आपोआप ताठ राही आणि ट्रॅक्शन बारची बरीचशी गरज मूळ रचनेतच भागे.

त्यानंतर पुढच्या डोळ्याचे, म्हणजे पाट्याचे जे गोल टोक बोल्टने चासीला अडकवलेले असते त्याचे, बुश तपासावे. रबर फाटून आतील नळी एका बाजूला सरकली असेल, तर बार कितीही चांगला असला तरी अ‍ॅक्सल पुढेमागे सरकत राहील. शॅकलचे (पाट्याचे मागचे टोक चासीला जोडणाऱ्या झुलत्या कडीचे) बुश, इंजिन आणि गिअरबॉक्सचे माउंट, यू-बोल्टचा ताण आणि पाट्यांचा गठ्ठा मध्यावर एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टचे डोके अ‍ॅक्सलच्या बैठकीतील छिद्रात नीट बसले आहे की नाही, हेही पाहावे. शॉकमधून तेल गळत असेल तर पुढचे काही करण्याआधी तो बदलावा. टायरमध्ये दोन्ही बाजूंना सारखी आणि योग्य हवा असावी, हे सांगण्याची गरज पडू नये, पण पडते.

तपासणीसाठी गाडी उचलल्यावर केवळ जॅकच्या भरवशावर कधीही खाली जाऊ नये. चासीखाली भक्कम स्टँड लावावेत आणि पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडण द्यावी.

कोणत्या प्रकारचा बार रोजच्या रस्त्याला योग्य?

सर्वांत साधा प्रकार म्हणजे पाट्याच्या खाली अ‍ॅक्सलपाशी यू-बोल्टने आवळलेला आणि पुढच्या डोळ्याखाली येऊन थांबणारा बार. त्याच्या पुढच्या टोकावर रबरी ठोकळा असतो. अ‍ॅक्सल फिरू लागला की बारचे टोक वर येते, ठोकळा पाट्याच्या डोळ्यापाशी टेकतो आणि पीळ तेथेच अडतो. सामान्य वेळी ठोकळा आणि पाटा यांच्यात फट असते, त्यामुळे पाटा आपले काम मोकळेपणाने करतो. मध्यम ताकदीच्या गाडीला, योग्य जुळवणी केल्यास, हा प्रकार पुरेसा आहे. त्याचा तोटा म्हणजे तो पाट्याच्या खाली लोंबतो आणि जमिनीपासूनची उंची कमी करतो.

दुसऱ्या प्रकारात पुढच्या डोळ्याच्या बोल्टवर एक त्रिकोणी पट्टी फिरती बसवलेली असते आणि अ‍ॅक्सलखालून आलेला दांडा तिला जोडलेला असतो. अ‍ॅक्सल फिरला की त्याचा खालचा भाग पुढे सरकतो, दांडा पट्टीला ढकलतो आणि पट्टीचा वरचा भाग पाट्याच्या पुढच्या भागावर वरून दाब देतो. कॅलट्रॅक्स हे या रचनेचे सर्वांत परिचित नाव आहे. पीळ सुरू होताच ती काम करते, दणका देत नाही आणि दांड्याची लांबी बदलून तिची सूक्ष्म जुळवणी करता येते. खर्च परवडत असेल आणि गाडी खरोखरच ताकदवान असेल, तर रस्त्यासाठी मी हाच प्रकार सुचवीन.

तिसरा प्रकार दोन्ही टोकांना सांधे असलेल्या, चासीला थेट जोडलेल्या दांड्याचा. १९६५ च्या शेल्बी जीटी ३५० मध्ये असे दांडे अ‍ॅक्सलच्या वरून नेलेले होते. हा दांडा जोर देताना आणि ब्रेक लावताना, दोन्ही वेळी अ‍ॅक्सल धरतो. मात्र दांड्याचे टोक आणि पाटा ज्या वर्तुळाकार मार्गांनी वरखाली होतात ते मार्ग जुळले नाहीत, तर सस्पेन्शन अडकू लागते. म्हणून त्याच्या सांध्यांची जागा निवडणे हे जाणकाराचेच काम आहे.

शिडीच्या आकाराचे रुंद बार, जे अ‍ॅक्सलला दोन बिंदूंत घट्ट धरतात, ते रस्त्याच्या गाडीला लावू नयेत. वळणावर गाडी एका बाजूला कलली की दोन बाजूंचे बार अ‍ॅक्सलला परस्परविरुद्ध दिशांनी पिळू पाहतात. मागचा भाग ताठ होतो आणि जोडाच्या जागांवर तडे जातात.

ठोकळा आणि पाटा यांच्यात किती फट ठेवावी?

रस्त्यासाठी सुमारे १५ ते २५ मिलिमीटर. परंतु आकड्यापेक्षा तो कसा मोजला हे अधिक महत्त्वाचे आहे.

पाट्याची कमान अशी असते की मधला भाग खाली आणि दोन्ही टोके वर. बार मात्र मध्यापाशी आवळलेला आणि सरळ असतो. गाडीत माणसे बसली किंवा सामान ठेवले की पाटा सपाट होतो, डोळा बारच्या जवळ येतो आणि फट कमी होते. म्हणजे रिकाम्या गाडीत २० मिलिमीटर दिसणारी फट चार माणसे बसल्यावर जवळजवळ नाहीशी झालेली असू शकते. त्यामुळे गाडी सपाट जमिनीवर चारही चाकांवर उभी करावी, गाडीत नेहमी जेवढा भार असतो तेवढा ठेवावा, पुढचा भाग एक-दोनदा दाबून सोडावा, तसाच मागचाही, आणि मगच मोजावे. जॅकवर लोंबणाऱ्या अ‍ॅक्सलवर घेतलेले माप निरुपयोगी असते.

फट अगदी कमी ठेवली तर काय होते, ते वळणावर कळते. गाडी बाहेरच्या बाजूला कलते, बाहेरचा पाटा दबतो आणि ठोकळा पाट्याला टेकतो. त्या क्षणी त्या एकाच बाजूचा पाटा अचानक ताठ होतो आणि गाडीचा मागचा भाग बाहेर घसरू पाहतो. कोरड्या रस्त्यावर हे निभावून जाते. ओल्या रस्त्यावर चालकाला सावरायला वेळ मिळत नाही. रस्त्याच्या गाडीत बार बहुतेक वेळ रिकामा असला पाहिजे, हा माझा ठाम आग्रह याच कारणासाठी आहे. याउलट फट फार मोठी ठेवली, तर पाटा आधी बराच पिळतो आणि मग ठोकळा दणक्याने आदळतो. आवाज येतो, रबर फाटते आणि जो हिसका टाळायचा होता तोच पुन्हा बसतो.

ठोकळ्याची जागाही तितकीच महत्त्वाची. तो बरोबर डोळ्याखाली टेकला पाहिजे. तो डोळ्याच्या मागे, पाट्याच्या मोकळ्या भागावर टेकत असेल, तर प्रत्येक वेळी पाटा तेथे वाकतो आणि कालांतराने तेथेच तुटतो. बार आखूड पडत असेल तर तो त्या गाडीचा नाही, असे समजून परत करावा; छिद्रे वाढवून किंवा जोड देऊन काम भागवू नये.

जुळवणी बरोबर आहे की नाही हे पाहण्याची एक सोपी पद्धत आहे. ठोकळ्याच्या माथ्यावर ओल्या खडूचा जाड थर द्यावा आणि तो वाळू द्यावा. नेहमीच्या भारासह, नेहमीच्या वेगाने, नेहमीच्या रस्त्यावरून गाडी फिरवून आणावी आणि खाली वाकून पाट्यावर पांढरा ठसा उमटला आहे का ते पाहावे. साध्या चालवण्यात ठसा उमटला तर फट वाढवावी. त्यानंतर मोकळ्या आणि सुरक्षित जागी एकदाच दमदारपणे गाडी काढावी. आता ठसा दिसला पाहिजे, आणि तो ठोकळ्याच्या पूर्ण रुंदीचा असला पाहिजे. एकाच कडेला ठसा असेल तर बार तिरका बसला आहे. मोठ्या गतिरोधकावर किंवा खोल खड्ड्यात ठोकळा क्वचित टेकला तर काळजीचे कारण नाही.

उजव्या बाजूची फट कमी ठेवावी असे ऐकले आहे. ते बरोबर आहे का?

शर्यतीसाठी बरोबर आहे. बहुसंख्य इंजिनांच्या फिरण्याच्या दिशेमुळे प्रोपेलर शाफ्ट अ‍ॅक्सलची डावी बाजू खाली दाबतो आणि उजवी बाजू उचलू पाहतो, म्हणून उजव्या टायरवरचा भार कमी होतो. तो भरून काढण्यासाठी शर्यतपटू उजवा ठोकळा आधी टेकेल अशी जुळवणी करतात. रस्त्यावर मात्र डावे आणि उजवे वळण सारखेच महत्त्वाचे असते, त्यामुळे दोन्ही फटी समान ठेवाव्यात. एकच उजवे चाक फिरत राहत असेल, तर त्यावर खरा उपाय लिमिटेड स्लिप डिफरन्शिअल (एका चाकाची पकड सुटली तरी दुसऱ्या चाकालाही जोर देणारे डिफरन्शिअल) हा आहे.

फिरत्या पट्टीच्या प्रकारात दांड्याला किती ताण द्यावा?

रस्त्यासाठी ताण देऊ नये. गाडी स्वतःच्या वजनावर, नेहमीच्या भारासह उभी असताना दांडा बोटांनी फिरवून नुसता टेकेपर्यंत आणावा आणि तेथेच लॉक नट आवळावा. आधीच ताण दिलेला दांडा पाट्याचा पुढचा भाग कायम दाबून ठेवतो. गाडी कडक होते, आणि दोन्ही बाजूंचा ताण सारखा नसेल तर निघताना गाडी एका बाजूला ओढते. दांड्यासाठी एकाहून अधिक छिद्रे दिलेली असतील, तर उत्पादकाने रस्त्यासाठी सांगितलेल्या छिद्रापासून सुरुवात करावी.

पिनियनचा कोन बदलावा लागतो का?

पाहावा तर नक्कीच लागतो. गिअरबॉक्समधून बाहेर येणारा शाफ्ट आणि पिनियन या दोन्हींच्या मध्यरेषा चाकांवर जोर असताना परस्परांना समांतर असाव्यात, हे मूळ सूत्र आहे. जोर आल्यावर पिनियनचे नाक वर जाते, म्हणून उभ्या गाडीत ते समांतर स्थितीपेक्षा थोडे खाली ठेवतात. चांगला बार असलेल्या रस्त्याच्या गाडीला सुमारे २ अंश पुरतात. बार नसलेल्या पाट्यांना ३ ते ४ अंशही लागू शकतात, कारण त्यांचा पीळ जास्त असतो. शर्यतीतील गाड्यांचे याहून मोठे आकडे येथे वापरू नयेत. रस्त्यावरचा बहुतेक प्रवास हलक्या पेडलवर होतो, त्या वेळी नाक खालीच राहते, आणि कोन मोठा असेल तर थरथर जाणवते आणि क्रॉस लवकर झिजतात.

मोजमाप गाडी चाकांवर उभी असतानाच, कोनमापक पिनियनच्या फ्लँजवर आणि गिअरबॉक्सच्या फ्लँजवर लावून करावे. कोन बदलण्यासाठी पाटा आणि अ‍ॅक्सलची बैठक यांच्यामध्ये पाचर घालतात. पाटा अ‍ॅक्सलच्या खाली असेल तर पाचरीची जाड बाजू मागे ठेवल्याने नाक खाली जाते; पाटा अ‍ॅक्सलच्या वर असेल तर जाड बाजू पुढे ठेवावी लागते. पाचर पोलादाची असावी, कारण मऊ अ‍ॅल्युमिनियम दबून यू-बोल्ट सैल होतात. पाचर घातल्यावर सेंटर बोल्टचे डोके बैठकीच्या छिद्रात पुरेसे शिरते आहे याची खात्री करावी, अन्यथा लांब सेंटर बोल्ट घ्यावा.

मागे कोणत्या प्रकारचे शॉक लावावेत? ९०/१० आणि ५०/५० यांचा अर्थ काय?

बार अ‍ॅक्सलचे फिरणे अडवतो. अ‍ॅक्सलचे वरखाली होणे मात्र शॉकच आवरतो. बार पुढच्या डोळ्याशी वर दाब देतो तेव्हा गाडीचा मागचा भाग उचलला जातो आणि त्याच्या प्रतिक्रियेने टायर रस्त्यावर दाबला जातो. ही उचल शॉकने आवरली नाही, तर दाब क्षणभरच टिकतो आणि पुढच्याच क्षणी टायर हलका होतो. म्हणूनच नवे बार आणि थकलेले शॉक ही जोडी अनेकदा आधीपेक्षा वाईट अनुभव देते.

ते आकडे दाबताना आणि ताणताना मिळणाऱ्या विरोधाची वाटणी सांगतात. ९०/१० शॉक दाबायला अतिशय जड आणि ताणायला अतिशय हलका असतो. शर्यतीत तो पुढे लावतात, म्हणजे निघताना नाक झटकन उचलले जाते आणि सावकाश खाली येते. रस्त्यावर असे शॉक नकोत. नाक उचललेल्या गाडीचे स्टिअरिंग हलके पडते आणि एकामागून एक येणाऱ्या उंचवट्यांवर गाडी तरंगत राहते. मागे ५०/५० च्या आसपासचा किंवा ताणताना थोडा अधिक विरोध करणारा, वायुदाब असलेला चांगला शॉक घ्यावा. रस्त्याच्या बहुतेक शॉकमध्ये ताणतानाचा विरोध जास्तच असतो, आणि ते योग्य आहे, कारण दबलेल्या पाट्यातील साठलेली ऊर्जा परत येताना तीच बाजू आवरावी लागते. पुढचे शॉकही त्याच मालिकेतील आणि चांगल्या अवस्थेतील असावेत.

शॉकची लांबी कशी ठरवावी?

गाडीची उंची बदलली असेल तर हा प्रश्न टाळू नये. गाडी चाकांवर उभी असताना वरच्या आणि खालच्या माउंटमधील अंतर मोजावे. शॉकची पूर्ण दबलेली आणि पूर्ण ताणलेली लांबी माहीत असली पाहिजे, आणि मोजलेले अंतर त्या दोहोंच्या साधारण मध्यावर यावे. अ‍ॅक्सल पूर्ण वर गेल्यावर चासीचा रबरी बंपर आधी टेकला पाहिजे, शॉक नव्हे. शॉक स्वतःच थांबा बनला की त्याचे माउंट तुटते.

उघड्या दांड्याच्या शॉकवर एक पातळ प्लॅस्टिकची पट्टी हलकेच बांधून नळीपर्यंत सरकवून ठेवावी. काही दिवस गाडी चालवल्यावर ती पट्टी दांड्यावर जेथे सरकलेली असेल, तेथवर शॉक दबला होता. पट्टी दांड्याच्या अगदी टोकाला जाऊन बसली असेल, तर शॉक लांब आहे किंवा पाटे थकले आहेत.

अ‍ॅडजस्टेबल शॉक घेतले आहेत. कोठून सुरुवात करावी?

सर्वांत मऊ खुणेपासून. ओळखीचा, थोडा खडबडीत रस्ता निवडावा आणि प्रत्येक वेळी तेथेच चाचणी करावी. उंचवट्यावरून गेल्यावर मागचा भाग एकदा वर येऊन स्थिरावला पाहिजे. तो पुन्हा पुन्हा डोलत असेल तर दोन्ही बाजूंना एकेक खूण कडक करावी. डोलणे थांबले की तेथेच थांबावे. त्यापुढे कडक केल्यास लहान खड्ड्यांवर टायर रस्ता सोडू लागतो, आणि ज्या पकडीसाठी खटाटोप केला तीच हातची जाते. एका वेळी एकच गोष्ट बदलावी: बारची फट, शॉकची खूण आणि टायरची हवा एकाच दिवशी बदलली, तर कशामुळे काय झाले हे कधीच कळत नाही.

काही गाड्यांत एक शॉक अ‍ॅक्सलच्या पुढे आणि एक मागे का असतो?

दोन्ही शॉक अ‍ॅक्सलच्या एकाच बाजूला (दोन्ही पुढे किंवा दोन्ही मागे) असतील, तर अ‍ॅक्सल एकाच वेळी थोडा उचलला जाऊन थोडा फिरला की शॉकची खालची टोके जवळजवळ जागच्या जागी राहू शकतात आणि शॉकना काही करता येत नाही. एक पुढे आणि एक मागे ठेवल्यावर अशी पळवाट उरत नाही. कोणत्याही हालचालीत निदान एक शॉक विरोध करतोच. १९६७ च्या शेव्हरोले कॅमॅरोत मागे प्रत्येक बाजूला एकच पाटा होता आणि ताकदवान इंजिनांच्या गाड्यांत चाक उडण्याची तक्रार होती. १९६८ मध्ये शॉकची अशी मांडणी आली आणि ताकदवान मॉडेलना अनेक पाट्यांचा गठ्ठा मिळाला. मूळ गाडीत ही सोय नसेल, तर केवळ त्यासाठी माउंट कापून जोडण्याची मी शिफारस करणार नाही. चांगल्या बारने तोच हेतू साध्य होतो.

मागचा भाग बसला आहे. हवेचे शॉक भरून उंची वाढवली तर?

करू नये. शॉकचे वरचे माउंट हालचाल आवरण्यासाठी बनवलेले असते, गाडीचे वजन पेलण्यासाठी नव्हे. शिवाय दोन्ही शॉक एकाच नळीने जोडलेले असतील, तर वळणावर दबलेल्या बाजूची हवा दुसऱ्या बाजूला जाते आणि आधार हवा तेथेच कमी पडतो. उंची बदलली की बारची फट आणि पिनियनचा कोनही बदलतो. पाटे बसले असतील तर पाटेच बदलावेत किंवा त्यांना पुन्हा कमान द्यावी.

रबरी बुश काढून पॉलियुरेथेनचे लावावेत का?

पुढच्या डोळ्यासाठी, होय. अ‍ॅक्सलचे पुढेमागे सरकणे कमी होते आणि बारला टेकायला पक्की जागा मिळते. आवाज आणि थरथर किंचित वाढते. शॅकलला मात्र रबर राहू दिले तरी चालते, कारण तेथे लवचीकता उपयोगीच पडते. पॉलियुरेथेन कोरडे बसवू नये, त्यासोबत मिळणारे ग्रीस लावावे, नाहीतर ते करकरते. रबरी बुशचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर उतरवल्यानंतरच पूर्ण आवळावेत, कारण लोंबत्या स्थितीत आवळले तर रबर कायम पिळलेले राहते आणि लवकर फाटते.

बार लावल्यावर ब्रेक लावतानाही मागचे चाक उडते. बारमध्ये दोष आहे का?

नाही. ब्रेक लावताना अ‍ॅक्सल उलट दिशेने फिरतो, पिनियनचे नाक खाली जाते आणि ठोकळा पाट्यापासून आणखी दूर होतो. साधा बार त्या वेळी काहीच करू शकत नाही. थकलेले शॉक, सैल पाटे, फाटलेले बुश किंवा मागच्या ब्रेकला गरजेपेक्षा जास्त दाब, यांपैकी कारण शोधावे. ब्रेकच्या तक्रारीवर बारच्या फटीत फेरफार करत बसू नये.

जमिनीपासूनची उंची किती कमी होते, आणि बसवताना आणखी काय पाहावे?

पाट्याखालचे बार गाडीच्या खालच्या भागात सर्वांत आधी घासणारा भाग ठरू शकतात. म्हणून पूर्ण भारासह बारच्या सर्वांत खालच्या बिंदूची उंची मोजून ठेवावी, आणि नेहमीचे गतिरोधक तेवढ्यात पार होतात का, हे प्रामाणिकपणे ठरवावे. अ‍ॅक्सल पूर्ण लोंबता ठेवून ब्रेकची रबरी नळी ताणली जात नाही, हँडब्रेकची केबल बारवर घासत नाही आणि सायलेन्सरचा पाइप पुरेसा दूर आहे, हे पाहावे. यू-बोल्ट नवे घ्यावेत. एकदा पूर्ण ताणलेले यू-बोल्ट पुन्हा वापरू नयेत. त्यांचे नट टॉर्क पान्याने, आडव्या जोड्यांनी, थोडे थोडे करत, गाडीच्या नियमपुस्तिकेतील ताणापर्यंत आवळावेत. सस्पेन्शनमधील फेरबदलांबाबत आपल्या भागात काय नियम आहेत आणि विम्यावर त्याचा काही परिणाम होतो का, याची चौकशी काम सुरू करण्याआधी करावी.

त्यानंतर देखभाल किती दिवसांनी करावी?

पहिल्या सुमारे १०० किलोमीटरनंतर यू-बोल्टचे नट पुन्हा तपासावेत, कारण पाटे, पाचर आणि पट्ट्या परस्परांत बसल्या की ताण थोडा उतरतो. सुमारे ५०० किलोमीटरनंतर आणखी एकदा, आणि पुढे प्रत्येक ऑइल बदलाच्या वेळी. त्याच वेळी ठोकळ्याचे रबर हाताने दाबून पाहावे. ते कडक होऊन तडकले असेल किंवा त्याची उंची कमी झाली असेल तर दोन्ही बाजूंचे ठोकळे एकत्र बदलावेत आणि फट पुन्हा मोजावी. बारच्या बैठकीभोवती गंजाची लालसर रेघ दिसली, तर तेथे धातू धातूवर हलतो आहे असे समजून गाडी बाहेर काढण्याआधी यू-बोल्ट पाहावेत.